आयडलिंग दर महिन्याला बिघडतं? मिक्स्चर स्क्रूला हात लावण्याआधी

तक्रार ठरलेली असते. सिग्नलला थांबलं की आयडलिंग (ग्रिप सोडल्यावर इंजिनचं हळू चालू राहणं) टिकत नाही आणि गाडी बंद पडते. गॅरेजवाला कार्बोरेटरपाशी (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) वाकतो, स्क्रू ड्रायव्हर इकडे-तिकडे फिरवतो, दोन-चारदा रेस देतो आणि गाडी छान टुकटुकायला लागते. तीन-चार आठवडे बरे जातात. मग पुन्हा तोच सिग्नल आणि मागून तेच हॉर्न.

मिक्स्चर स्क्रू म्हणजे आयडलला हवा आणि पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा स्क्रू. त्याच्यावर स्प्रिंग बसवलेली असते. ती त्याला ताणून जागच्या जागी धरते, त्यामुळे स्प्रिंग शाबूत असेल तर स्क्रू सहसा आपोआप फिरत नाही. महिन्यापूर्वी जमलेलं सेटिंग आज चुकत असेल, तर बदललंय ते दुसरंच काहीतरी. स्क्रू फिरवून आपण तो बदल झाकतो. तो बदल आणखी पुढे सरकला की झाकण अपुरं पडतं, आणि स्क्रू पुन्हा फिरवावा लागतो. म्हणून वारंवार बिघडणाऱ्या आयडलिंगमध्ये मिक्स्चर स्क्रूचा नंबर सगळ्यात शेवटी लावायचा.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक लागू झालं आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींवर फ्युएल इंजेक्शन आलं. पण त्याआधीच्या स्प्लेंडर, पल्सर, युनिकॉर्न, कार्बोरेटरवाल्या बुलेट आणि जपून ठेवलेल्या आरएक्स १०० अजून रस्त्यावर आहेत. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

दोन स्क्रू, दोन वेगळी कामं

कार्बोरेटरला बाहेरून फिरवता येणारे दोन स्क्रू असतात. मोठा, बऱ्याचदा प्लास्टिकच्या किंवा खाचा पाडलेल्या डोक्याचा, तो आयडल स्क्रू. तो फक्त थ्रॉटलची, म्हणजे हवेची वाट उघडणारी, स्लाइड किंवा फुलपाखरू (झडप) किती उघडं राहील हे ठरवतो. दुसरा बारीक, पितळी, टोकाला सुईसारखा. तो मिक्स्चर स्क्रू.

गोंधळ इथेच होतो. गाडी बंद पडते म्हणून आयडल स्क्रू आत घेतला जातो. रेस वाढते, गाडी चालू राहते, सगळे खूश. पण स्लाइड गरजेपेक्षा वर गेली की तिच्या कडेखाली असलेली बायपासची छिद्रं उघडी पडतात आणि इंजिन तिथूनही पेट्रोल ओढायला लागतं. आता मिक्स्चर स्क्रू कितीही फिरवा, फरक जाणवत नाही. ‘स्क्रू काही रिस्पॉन्सच देत नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं. आयडल स्क्रू मागे घेतला की मिक्स्चर स्क्रू पुन्हा कामाला लागतो.

मिक्स्चर स्क्रूच्याही दोन जाती आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट वागतात. स्क्रू स्लाइडच्या अलीकडे, एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो एअर स्क्रू. तो हवा कमी-जास्त करतो, म्हणजे आत फिरवला की मिक्स्चर रिच (पेट्रोल जास्त), बाहेर काढला की लीन (पेट्रोल कमी). आरएक्स १००चा मिकुनी व्हीएम कार्बोरेटर किंवा जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा मिककार्ब या जातीचा. स्क्रू स्लाइडच्या पलीकडे, इंजिनच्या बाजूला असेल तर तो पायलट स्क्रू. तो आधीच हवेत मिसळलेलं पेट्रोल कमी-जास्त सोडतो, म्हणून आत फिरवला की लीन आणि बाहेर काढला की रिच. पल्सरवर किंवा कार्बोरेटरवाल्या क्लासिक ३५०वर जे डायफ्रामवाले (पातळ पडद्याने स्लाइड उचलणारे), सीव्ही जातीचे कार्बोरेटर येतात, त्यांच्यावर हा दुसरा प्रकार असतो.

‘अर्धा फेरा बाहेर काढ, बरी चालेल’ हा सल्ला त्यामुळे गाडी सांगितल्याशिवाय निरुपयोगी आहे. एका गाडीवर तो औषध आहे आणि दुसरीवर त्यानेच दुखणं वाढतं. जागेवरून कळत नसेल तर गरम इंजिन आयडलवर चालू ठेवून स्क्रू हळूहळू पूर्ण आत घ्या. पायलट स्क्रू असेल तर इंजिन बहुधा बंद पडेल. एअर स्क्रू असेल तर ते जड, घुसमटल्यासारखं होईल, पण बरेचदा रखडत चालू राहील.

बिघाड नेमका कधी दिसतो?

टूलबॉक्स उघडण्याआधी दोन दिवस गाडीकडे नुसतं लक्ष ठेवा. ती कधी त्रास देते यावरून निम्मं निदान होतं.

*सकाळी चोक ओढला की चालते, चोक बंद केला की मरते, पण रेस दिल्यावर पळते नीट.* हा पायलट जेट (बारीक छिद्राचा पितळी तुकडा) तुंबल्याचा अगदी ठरलेला नमुना. थ्रॉटल बंद असताना इंजिनचं जवळजवळ सगळं पेट्रोल या एका जेटमधून येतं, आणि त्याचं छिद्र अगदी बारीक असतं. केहिन कार्बोरेटरच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरचे शंभरावे भाग सांगतो, म्हणजे ३८ नंबरचं जेट ०.३८ मिमीचं. गंजाचा एक कण किंवा वाळलेल्या पेट्रोलचा चिकट थर एवढ्याला पुरतो. वेगात पेट्रोल देणारं मेन जेट खूप मोठं असतं, म्हणून हायवेवर तीच गाडी निर्दोष वाटते आणि मालक गॅरेजवाल्याला वेड्यात काढतो.

जेट काढा, उजेडाकडे धरा. स्वच्छ गोल ठिपका दिसला पाहिजे. कार्ब क्लीनर मारा, मग कॉम्प्रेसरची हवा. जेटबरोबर कार्बोरेटरच्या अंगातले पायलटचे रस्तेही फुंकून काढा, कारण बऱ्याचदा जेट स्वच्छ निघतं आणि कचरा त्याच्या पुढे अडकलेला असतो. स्प्रे मारताना डोळ्यांवर चष्मा हवा. एका छिद्रात मारलेला फवारा दुसऱ्यातून सरळ तोंडावर येतो. क्लच वायरची तार काढून जेटमध्ये घालायची पद्धत सर्रास आहे आणि ती वाईट आहे. पितळ मऊ असतं, छिद्र ओरखडतं, मोठं होतं, आणि त्या दिवसापासून गाडी कायमची रिच.

आता ‘दर महिन्याला’ का, ते पाहू. जेट साफ केलं, पण कचरा आला कुठून? टाकीतून. टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारा. तळाशी तांबूस पावडर दिसली तर कार्बोरेटर कितीही वेळा धुवा, तो परत भरणार. पेट्रोल कॉकची जाळी फाटली आहे का पाहा, टाकी स्वच्छ करून घ्या आणि पाइपमध्ये एक छोटा फिल्टर टाका. पन्नास-शंभर रुपयांच्या या फिल्टरने वारंवारची कटकट जेवढी थांबते तेवढी दुसऱ्या कशाने थांबत नाही.

*थंड असताना ठीक, गरम झाली की रेस आपोआप चढते किंवा सोडल्यावर खाली येतच नाही.* गाडी हवा घेतेय. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये रबरी मॅनिफोल्ड (जोडनळी) किंवा जाड इन्सुलेटर आणि ओ-रिंग असते. रबर कडक होऊन चिरतं, आणि उष्णतेने चीर उघडते. चीर वरून दिसेलच असं नाही. मॅनिफोल्ड काढून बोटांनी वाकवून बघावा लागतो. त्याआधी सोपी परीक्षा अशी: आयडलवर चालू इंजिनच्या सांध्यांवर साबणाचं पाणी थेंबथेंब सोडा. आवाज क्षणभर बदलला तर चोर सापडला. काही जण यासाठी पेट्रोल शिंपडतात. गरम सायलेन्सर अगदी शेजारी असतो, हे सांगायला हवंच का? सांधा घट्ट करतानाही जपून. बोल्ट जास्त आवळला तर कार्बोरेटरची कड वाकते आणि ओ-रिंग नवी घातली तरी गळती राहते.

*थंड असताना ठीक, गरम झाल्यावर आयडल ढासळतं आणि बंद पडते.* वरच्याच्या उलट. इथे फोर-स्ट्रोक गाडीत मी आधी टॅपेट (इंजिनच्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, ढकलणारे भाग) तपासेन. वापराने व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत रुतत जातो आणि टॅपेटची फट वाढण्याऐवजी कमी होत जाते, विशेषतः एक्झॉस्टच्या बाजूची. गरम झाल्यावर उरलेली फटही संपते, व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, कॉम्प्रेशन गळतं. टॅपेटचा टकटक आवाज गेला म्हणून लोक समाधान मानतात. माझ्या मते खडखडणाऱ्या टॅपेटपेक्षा एकाएकी गप्प झालेला टॅपेट जास्त संशयास्पद. फट मिलिमीटरच्या काही शंभराव्या भागांची असते. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा घ्या आणि पूर्ण थंड इंजिनवर फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावा. टॅपेट चुकलेले असताना केलेलं मिक्स्चर सेटिंग टॅपेट लावले की फुकट जातं, म्हणून क्रम महत्त्वाचा.

*हँडल पूर्ण वळवलं की रेस चढते.* कार्बोरेटरचा संबंधच नाही. ॲक्सिलरेटर केबल ताणली जातेय. ग्रिपला २ ते ४ मिमी मोकळी चाल ठेवा आणि केबल टाकीखाली कुठे अडकलीय का पाहा.

*पावसानंतर किंवा गाडी धुतल्यावर मिसिंग मारते.* फ्लोटच्या वाटीच्या (कार्बोरेटरच्या खालची, पेट्रोल साठवणारी वाटी) तळाला ड्रेन स्क्रू असतो. काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढून मिनिटभर ठेवा. पाणी खाली वेगळं दिसतं. कोकणात चार महिने उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे नेहमीचं. वाटी उघडल्यावर आत पांढरट खरबरीत पावडर दिसली तर ॲल्युमिनियम पाण्याने खाल्लं जातंय, आणि तीच पावडर पायलट जेटकडे निघालेली असते.

*सतत रिच: प्लग काळा, सायलेन्सरला पेट्रोलचा वास, ट्रॅफिकमध्ये दहा मिनिटांनी गुदमरते.* एअर फिल्टर, चोक, फ्लोट या क्रमाने पाहा. पल्सरसारख्या गाडीवर चोक म्हणजे एक छोटा प्लंजर असतो. त्याच्या टोकाचं रबर झिजलं किंवा केबल अडकली की चोक अर्धवट उघडाच राहतो, आणि हँडलवरची दांडी मात्र बंद दाखवते. फ्लोटची सुई (वाटीत येणारं पेट्रोल थांबवणारी) झिजली असेल तर ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब पडतात. रात्रभर कॉक चालू ठेवून सकाळी खालची फरशी बघा.

सेटिंग करताना

वरचं सगळं तपासून झालं असेल तर आता स्क्रू. बंदिस्त पार्किंगमध्ये किंवा शटर ओढलेल्या गाळ्यात हे करू नका. आयडलवर चालणारं इंजिन कार्बन मोनॉक्साइड सोडतं आणि त्याला वास नसतो. उघड्यावर करा. एअर-कूल्ड गाडी बराच वेळ उभी चालवणार असाल तर समोर पंखा लावा.

आधी दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून आणा. चोकवर, जागेवर इंजिन गरम केलेलं पुरत नाही. मग इंजिन बंद करून मिक्स्चर स्क्रू हलक्या हाताने आत घ्या आणि टेकेपर्यंत किती फेरे झाले ते मोजून लिहून ठेवा. हा आकडा म्हणजे परतीचा रस्ता. ‘टेकेपर्यंत’ म्हणजे टेकेपर्यंतच. आवळला तर सुईचं टोक आत मोडतं किंवा तिची बैठक कायमची फाकते, आणि मग नवा कार्बोरेटर घेणं स्वस्त पडतं.

स्क्रू बाहेरच काढला असेल तर त्यावर काय-काय आहे ते बघा. पायलट स्क्रूवर आधी स्प्रिंग, मग बारीक वॉशर, आणि टोकाकडे इवलीशी ओ-रिंग असते. ही ओ-रिंग वारंवारच्या बिघाडाचं सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे. ती भोकातच चिकटून राहते, कार्ब क्लीनरने फुगते किंवा बाकावरून घरंगळून हरवते. ती नसली की स्क्रूच्या आट्यांतून हवा शिरते आणि सेटिंग कधीच टिकत नाही. एअर स्क्रूला बहुधा फक्त स्प्रिंगच असते.

पुस्तिकेतला आकडा हाताशी नसेल तर दीड ते दोन फेरे बाहेर ही सुरुवात धरा. इंजिन चालू करा, आयडल स्क्रूने नेहमीच्या आयडलच्या जरा वर आणा. आता मिक्स्चर स्क्रू पाव फेरा फिरवा आणि थांबा. पाच-दहा सेकंद थांबल्याशिवाय इंजिन उत्तर देत नाही. घाईत भराभर फिरवणाऱ्याला मागच्या वळणाचं उत्तर पुढच्या वळणाला ऐकू येतं. रेस चढत असेल त्या दिशेने पाव-पाव फेरा जात राहा. एका जागी ती सर्वांत उंच होईल, त्याच्या पलीकडे पुन्हा पडेल. त्या उंच जागेवर परत या, आयडल स्क्रूने रेस खाली आणा, आणि हेच पुन्हा एकदा करा. दुसऱ्या वेळी जागा थोडी सरकलेली सापडते. शेवटी रिचच्या बाजूला फेऱ्याचा आठवा भाग द्या आणि सोडा.

दीडशे सीसीच्या आसपासच्या बहुतेक गाड्यांचं आयडल १४०० आरपीएमच्या जवळपास असतं. जुनी बुलेट त्याहून बरीच खाली चालते, पण तिचं ते प्रसिद्ध ‘डग-डग’ ऐकू यावं म्हणून आयडल अतोनात कमी करू नका. तेवढ्या वेगाला ऑइल पंपही रेंगाळतो आणि वरच्या भागाला तेल कमी पोचतं. आरपीएमचा काटा नसेल तर प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा डिजिटल टॅकोमीटर मिळतो. कान तयार होईपर्यंत तो घ्यावा.

मग परीक्षा. ग्रिप झटकन पिळून सोडा. रेस चढून लगेच जागेवर आली तर जमलं. वरच रेंगाळली आणि सावकाश उतरली तर लीन. आयडलच्याही खाली बुडी मारून मग वर आली तर रिच. उतारावर ग्रिप सोडल्यावर सायलेन्सर फटाके मारत असेल तर तेही बहुधा लीनचं लक्षण. मात्र सायलेन्सरचं गॅस्केट गळत असेल तरी हेच ऐकू येतं.

फेऱ्यांचा आकडा काय सांगतो

उत्तम आयडल एक ते अडीच-तीन फेऱ्यांच्या दरम्यान सापडलं तर जेट योग्य आहे. त्या बाहेर गेलात तर स्क्रू तुम्हाला दुसरीकडे बघायला सांगतोय. पायलट स्क्रू तीन फेऱ्यांच्या पुढे काढावा लागत असेल तर पेट्रोल कमी पडतंय: जेट अर्धवट तुंबलेलं, लहान, किंवा कुठून तरी हवा शिरतेय. एका फेऱ्याच्या आतच बरं चालत असेल तर पेट्रोल जास्त येतंय: जेट मोठं, फ्लोट वर, चोक गळका. एअर स्क्रूला हे सगळं उलट वाचायचं. स्थानिक बनावटीचं कार्बोरेटर किट टाकल्यानंतर हा आकडा अचानक बदलला, तर किटमधलं जेट मूळ नंबरचं आहे का ते आधी बघा.

ई-२० आणि उंची

जुन्या गाड्यांच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत एक गोष्ट खरोखर बदलली: पेट्रोल. १० टक्के इथेनॉलवरून आपण २० टक्क्यांवर, म्हणजे ई-२०वर, आलो. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. २० टक्के मिश्रणाला हे प्रमाण साधारण साडेतेरावर येतं. इंजेक्शनवाली गाडी सेन्सरवरून जुळवून घेते. कार्बोरेटर तेवढंच पेट्रोल सोडत राहतो आणि मिक्स्चर लीन होतं. सकाळी जास्त वेळ चोक लागणं, आयडलला थरथर, ग्रिप सोडल्यावर फटाके, हे त्याचे परिणाम. पाव ते अर्धा फेरा रिचकडे दिल्याने बऱ्याच गाड्या सावरतात. तेवढ्याने स्क्रू तीन फेऱ्यांच्या पुढे जात असेल तर पायलट जेट एक नंबर मोठं घ्या. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतो, म्हणून महिनाभर गाडी उभी ठेवणार असाल तर फ्लोटची वाटी रिकामी करून ठेवणं फायद्याचं.

उंचीचा परिणाम नेमका उलट. वर हवा विरळ, पेट्रोल तेवढंच, म्हणून रिच. पुण्याहून महाबळेश्वरला जाताना साधारण ८०० मीटरचा फरक पडतो. तेवढ्यासाठी स्क्रू ड्रायव्हर काढू नका. लेहची गोष्ट वेगळी: ३,५०० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास उरते आणि पुढे खिंडीत आणखी घटते. तिथे अर्धा फेरा लीनकडे दिला तर आयडल सुधारतं. परतताना मनाली उतरून मैदानात येण्याआधी लिहून ठेवलेला आकडा परत लावा.

ॲव्हरेज आणि पीयूसी

‘स्क्रू सेट करून ॲव्हरेज वाढवून देतो’ यावर फार विश्वास ठेवू नका. या स्क्रूचं राज्य आयडलपासून जेमतेम पाव ग्रिपपर्यंत. पन्नास-साठच्या वेगाने चालणाऱ्या गाडीचं पेट्रोल स्लाइडला लटकलेली सुई आणि मेन जेट ठरवतात. शहरातल्या रांगेत थोडा फरक पडेल, हायवेवर नाही. त्यासाठी लीन केलेली गाडी सकाळी सुरू व्हायला मात्र त्रास देते.

पीयूसीचं तसं नाही. तिथे धूर आयडलवरच मोजतात, त्यामुळे हा स्क्रू थेट लागू होतो. एप्रिल २००० नंतरच्या जुन्या मोटारसायकलींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के होती. नीट सेट केलेल्या गाडीला ती अवघड नाही. चाचणीपुरता स्क्रू लीन करून पास करण्यापेक्षा यंत्रावर दिसणारा आकडा स्वतः विचारून घ्या. आयडल मिक्स्चरबद्दल कानापेक्षा खात्रीचं मोजमाप सामान्य माणसाला इथेच मिळतं.

टू-स्ट्रोकवाल्यांसाठी वेगळं

आरएक्स १०० शेवटची बनली १९९६मध्ये, त्यामुळे आज उरलेल्या कुठल्याही आरएक्स १००ची सीलं वयस्कर धरा. मॅग्नेटोच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील कडक झालं की तिथून हवा शिरते, रेस आपोआप चढते, आणि एअर स्क्रू कितीही आत घेतला तरी शांत होत नाही. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल आत ओढलं जातं: दाट पांढरा धूर आणि दर वेळी घटणारी ऑइलची पातळी. दोन्हीत कार्बोरेटर निर्दोष. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबरच तेल येतं, म्हणून लीन आयडल दुर्लक्षित ठेवून लांबच्या प्रवासाला निघालात तर पिस्टन जाम होऊ शकतो. रेस अशी पळत असेल तर गाडी बाजूलाच ठेवा.

हे सगळं करूनही फोर-स्ट्रोक गाडी आयडलला डळमळत असेल, जेट स्वच्छ, हवेची गळती नाही, टॅपेट पुस्तिकेप्रमाणे, प्लग नवा, तर कॉम्प्रेशन गेज असलेल्या गॅरेजमध्ये एकदा कॉम्प्रेशन तपासून घ्या. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वर आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह गळतायत.